भेळ घेतली, दोरी घेतली का?

पुणेकराला सहल आखायला सांगा आणि बाजूला व्हा. चिंचेची चटणी वेगळ्या डब्यात, शेव वेगळ्या पिशवीत, कारण आधी कालवली तर भेळ मऊ पडते. कांदा तिथे गेल्यावर चिरायचा, सुरी कोण आणणार, चटई कोणाकडची, सिंहगड रोडची कोंडी टाळायला साडेसहाला निघायचं की सातला आणि पेट्रोलचा हिशेब माणशी की गाडीमागे, यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आठवडाभर खल चालतो. एखादे काका एक्सेलचा तक्ता टाकतात. त्या तक्त्यात टूथपिकलाही रकाना असतो. पाण्यालाही असतो, पण तो प्यायच्या. वीस लिटरचे जार, दोन नग. ज्या पाण्याच्या ओढीने सगळं खटलं घराबाहेर पडणार, त्या धरणातल्या पाण्याबद्दल तक्त्यात चकार शब्द नसतो.

"ते काय, तिथे गेल्यावर बघू."

तिथे गेल्यावर बघणाऱ्यांचं काय झालं, ते सोमवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून येतं.

खडकवासल्याचंच घ्या. धरणाच्या आसपास केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था पाणी कसं वागतं याचाच अभ्यास करते. तिथेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथल्या कॅडेटला पोहता येत नसेल तर शिकवतात, सवलत देत नाहीत. आणि या दोघांच्या शेजारी चौपाटीवर आपण. हातात भाजलेलं कणीस, पायात सपाता, पाण्याचा अभ्यास शून्य, पोहण्याचा त्याहून कमी, पण काठावर सगळ्यात पुढे.

खरं तर या शहराने धरणाला जरा वचकून असायला हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं आणि अर्धं जुनं पुणं पाण्याखाली गेलं. ज्यांनी ते पाहिलं ते आजोबा अजून काही घरांत आहेत. नातू त्यांना गाडीत घालून त्याच धरणावर कांदाभजी खायला नेतो, आणि आजोबा काचेआडून पाण्याकडे बघत "फार पुढे जाऊ नका रे" म्हणतात, तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय असा निष्कर्ष निघतो.

धरण पोहण्यासाठी बांधलेलं नसतं. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. वरच्या तिघांचं पाणी याच्याकडे येतं. म्हणून हे पावसाळ्यात भरतं लवकर आणि दरवाजे उघडावे लागतात तेही लवकर. मे महिन्यात जिथे चटई टाकून भेळ खाल्ली, ती जागा ऑगस्टात पाण्याखाली असते. मेमधलं पाणी ओसरलेलं दिसतं म्हणून ते भोळं नसतं. ओसरलेल्या काठावरचा गाळ वरून वाळून भेगाळलेला आणि आतून लगदा असतो. पाय घोट्यापर्यंत जातो, काढायला गेलं की सपाता आत राहतात, तोल जातो. पुढे तळाशी काय आहे? बुडालेलं नदीचं पात्र, कोणाची तरी जुनी विहीर, मुरूम काढलेला खड्डा. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल डोक्यावर पाणी आणू शकतं, आणि तसं ते आणण्याआधी कोणतीही सूचना देत नाही. पाटी असते. पण पुणेकराला दुसऱ्यासाठी पाटी लिहायची सवय, दुसऱ्याने लिहिलेली वाचायची नाही.

"मला येतं की पोहायला!" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. हा सोसायटीच्या तलावात शिकलेला असतो. साडेचार फूट पाणी, निळ्या फरशा, तळ दिसतोय, दमलं की कठडा. धरणात कठडा नाही, तळ दिसत नाही, आणि समोरचा काठ दिसतो त्याहून बराच लांब असतो. त्याला एकच विचारा, तळाला पाय न टेकवता, कशालाही न धरता दहा मिनिटं नुसतं तरंगून दाखवतोस का? "ते काय मोठं" म्हणाला तर आधी तलावात दाखव म्हणावं.

आधीच्या पिढीला विहिरीने पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या निष्ठुर पद्धतीत एक शहाणपण होतं. वर काठावर एक मामा दोर धरून उभा असायचा. तो पाण्यात उतरायचा नाही, गप्पा मारायचा नाही, पोराच्या डोक्यावरून नजर हलवायचा नाही. आता दोर गेला, डबा गेला, मामाही गेला. काठावर भाचा आहे, रील काढतोय.

मे २०२३ मध्ये खडकवासल्याच्या काठावर, गोऱ्हे खुर्दला, नऊ मुली पाण्यात उतरल्या आणि बुडू लागल्या. काठावरच्या गावकऱ्यांनी उड्या टाकून सात जणींना बाहेर काढलं. दोघी गेल्या. अशा बातम्यांचा आकडा एकाचा क्वचित असतो, दोन-तीन-पाचाचा असतो. का? एकाचा पाय घसरतो, दुसरा हात द्यायला धावतो, दुसऱ्याला ओढायला तिसरा. आपल्याकडे हात देणं हा संस्कार आहे. पाण्यात तो संस्कार अंगाशी येतो, कारण बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. वाईटपणाने नाही, जीव घाबरलेला असतो म्हणून. तेव्हा हात द्यायचाच, पण लांबून. ओढणी फेका, साडी फेका, दोर फेका, फांदी पुढे करा आणि स्वतः पोटावर पालथं पडून करा, म्हणजे तोच तुम्हाला आत ओढणार नाही. आणि ते तक्त्यातले दोन जार? एक रिकामा झाला की झाकण घट्ट लावून काठावर ठेवा. वीस लिटरचा बंद जार माणसाचं तोंड पाण्यावर धरायला पुरतो. त्याच्या मुठीला दोरी बांधलेली असेल तर सोन्याहून पिवळं. दोरीला पैसे पडतात ते शेवेपेक्षा फार जास्त नाहीत.

सिनेमाने आपलं आणखी एक नुकसान केलं आहे. पडद्यावर बुडणारी नायिका दोन्ही हात हलवते आणि नायकाला ऐकू जाईल इतक्या जोरात "बचाओ" म्हणते. खरा बुडणारा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडायला कुठून पुरणार? तोंड पाण्याच्या पातळीला, क्षणभर वर, क्षणभर खाली. हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, हलवून बोलवायला वर येत नाहीत. अंग उभं, जणू न दिसणारी शिडी चढतोय. लांबून बघणाऱ्याला वाटतं मजा करतोय. हे जेमतेम मिनिटभर चालतं, लहान मुलाचं त्याहून कमी. पाण्यात दंगा करणारं पोर बहुधा ठीक असतं. अचानक गप्प झालेल्या पोराकडे आधी बघा.

पण बघणार कोण? ग्रुपमध्ये एक काका असतात, ज्यांना पाणी आवडत नाही. त्यांना काठावर बसवलं जातं, हे उत्तम. त्यांच्याकडे काम काय दिलं जातं? चपला, मोबाइल आणि पाकिटं सांभाळायचं. काका ते चोख करतात. आजवर एकही चप्पल गेलेली नाही. माझं म्हणणं इतकंच, की काकांना पाठ पाण्याकडे न करता तोंड पाण्याकडे करून बसवा, मोबाइल त्यांच्या हातात नको, पिशवीत असू दे, आणि अर्ध्या तासाने त्यांची पाळी बदला. चपला चोरीला गेल्या तर लक्ष्मी रोडवर नव्या मिळतात.

आता बोटिंग. पुण्याला होड्या नव्या नाहीत. रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ सालचा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा १९२८ पासूनची. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. तिथे सराव करून चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. म्हणजे या शहरात पाण्यावर शिस्तीने चालणारी माणसं आहेत. शिस्त म्हणजे काय, तर कयाक शिकवताना आधी उलटायला शिकवतात. उलटून बाहेर कसं यायचं ते जमलं की मग पुढे जायचं. आपण आधी पुढे जातो. उलटलं की बघू.

हौशी माणसाला उलटायचा सराव नको, लाइफ जॅकेट मात्र हवं. हे जॅकेट जरा जवळून बघून घ्या, कारण बोटवाला ते तुमच्याकडे ज्या बेफिकिरीने भिरकावतो, त्याच बेफिकिरीने आपण ते घालतो. कधीकाळी नारिंगी असलेलं, आता विटकरी. तीन बकलांपैकी एक शाबूत, दुसऱ्याच्या जागी नाडीची गाठ, तिसऱ्याची जागा रिकामी. खालून जांघेतून घ्यायचा पट्टा असेल तर तो लोंबत राहतो, कारण तो कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. आतला फोम तुटून एका कोपऱ्यात गोळा झालेला. सहा वर्षांच्या मुलीला बापाच्या मापाचं. वर पावसात भिजून वाळत न घातल्याचा कुबट वास, म्हणून मावशी ते अंगात न घालता खाली घेऊन बसतात. बाकावर गारठा लागत नाही म्हणे.

परीक्षा साधी आहे. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्या कोणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून ते सरळ वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर, कानांशी आलं तर ते तुमचं नाही. पाण्यात पडल्यावर ते वर तरंगेल आणि तुम्ही त्याच्या खाली. दुसरं मागा. दुसरं नसेल तर बोटीत बसू नका. "साहेब, पाणी काही खोल नाही, काय होत नाय," असं बोटवाला म्हणेल. त्याचं पोट या धंद्यावर आहे, तो म्हणणारच. तुम्ही त्याला दोन प्रश्न विचारा. या बोटीत किती माणसांना परवानगी आहे, आणि आत्ता किती बसलीत? पेट्रोल पंपावर आधी शून्य बघणारे आपण, हे विचारायला लाजतो.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. नीलकमलवर परवानगीपेक्षा जास्त, शंभरावर माणसं होती. पंधरा जीव गेले. या अपघातात बसलेल्यांची चूक काय? काहीच नाही. म्हणूनच जॅकेट अंगावर हवं, बाकाखालच्या पेटीत नको. धडक बसल्यावर पेटी उघडायला वेळ मिळत नाही. त्याच वर्षी जानेवारीत बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथेही जादा माणसं, तिथेही बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नाही. सहल शाळेची होती, म्हणजे परवानगीपत्रावर पालकांच्या सह्या घेतल्या असणार. सह्या घेण्यात आपल्या शाळा कधी मागे पडत नाहीत.

आणि उजनी धरण. २१ मे २०२४, संध्याकाळ. कुगावहून कळाशीकडे येणारी बोट मधोमध असताना वादळी वारं सुटलं, बोट उलटली, सहा जण बुडाले. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला म्हणून बातमी तरी लगेच कळली. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारपर्यंत हवा निपचित असते आणि चारनंतर वळीव उठतो, हे शेतात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून मे महिन्यात बोटिंग सकाळी. आपण काय करतो? सकाळी पोहे, मग पानशेतचा घाट, मग जेवण, मग वामकुक्षी, आणि ऊन उतरल्यावर बोट. दुपारी बाटली उघडलेली असेल तर बोटीचं नावच काढू नका. पवना धरणाच्या काठच्या तंबूवाल्या पाहुण्यांना तर हे रोज रात्री कोणीतरी कर्ण्यावरून सांगायला हवं, पण कर्ण्यावर गाणी चालू असतात.

पावसाळ्याचं वेगळंच प्रकरण. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरचं एक कुटुंब अडकलं. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून. पाहता पाहता वरून लोंढा वाढला, पाच जण वाहून गेले. डोक्यावरचा पाऊस थांबलेला असला तरी डोंगरावरचा थांबलेला असेलच असं नाही. पाणी मातकट झालं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला की त्याच क्षणी बाहेर. पिशवी राहू दे, डबे राहू दे. धरणाखाली नदीपात्रात असाल आणि भोंगा ऐकू आला तर तेच.

भुशीनंतर प्रशासन खडबडून जागं झालं. दोन दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघाला. योगायोग असा, की १ जुलैपासून नवे फौजदारी कायदे लागू झाले होते, त्यामुळे जमावबंदीचं जुनं १४४ जाऊन आदेशावर नवं कोरं कलम १६३ आलं. कलम नवं, गर्दी जुनी. पुढच्या वर्षी १५ जूनला, पुन्हा रविवारी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याने कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावला की सरकारचं काम संपतं, आणि फलकापाशी फोटो काढला की आपलं.

बंदी स्वस्त पडते. एक कागद, एक शिक्का. जीवरक्षक महाग पडतो, त्याला पगार द्यावा लागतो. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक ठेवलेत. आपल्याकडेही पाण्यात उतरणारी पट्टीची माणसं आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरं आहेत, अग्निशमन दलाचे जवान आहेत. फक्त आपण त्यांना बोलावतो ते नंतर. बहुतेकदा मृतदेह काढायला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी एक दिवस ठरवला, २५ जुलै. पुण्याने २०२४ चा २५ जुलै कसा साजरा केला? पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या एकतानगरीत माणसं झोपेत असताना ते पार्किंगमधून वर आलं, आणि दिवस उजाडल्यावर रहिवाशांना बोटीतून बाहेर काढलं. बोटिंगसाठी पानशेतपर्यंत जायची गरज उरली नाही, घरपोच सेवा झाली.

तर मग रविवारी करायचं काय? पोहायचं असेल तर तलावात जा. डेक्कनवर टिळक तलाव आहे, महापालिकेचे तलाव आहेत, त्यातला तुमच्या भागातला कुलूपबंद असेल तर नगरसेवकाकडे त्याची किल्ली मागा, ते धरणात उडी मारण्यापेक्षा धाडसाचं काम आहे. बोटीत बसायचं असेल तर सकाळी, मोजक्या माणसांत, आवळलेल्या जॅकेटनिशी. धरणावर जायचं असेल तर बघायला जा, भजी खा, पाय कोरडे ठेवा. काही झालंच तर ११२. आणि तो फोन करताना "धरणापाशी" एवढंच सांगू नका. कोणतं गाव, कोणती बाजू, जवळ कोणतं हॉटेल, ते सांगा. या काठांना पत्ते नसतात.

राहिलं जलसंपदा खातं. सिंहगडावर जाताना वनखातं गाडीमागे उपद्रव शुल्क घेतं. नाव किती प्रामाणिक! आम्ही उपद्रव आहोत हे आम्हाला मान्य आहे. तेच शुल्क धरणांवरही घ्या. खडकवासला, पानशेत, पवना, प्रत्येक ठिकाणी काठाचं एकच वळण निवडा, तळ तपासा, बोयांची दोरी बांधून हद्द आखा, उंच खुर्चीवर दोन जीवरक्षक बसवा, आणि बाकीच्या काठावर खुशाल बंदी घाला. गाडीमागे शंभर रुपये द्यायला पुणेकर तयार होईल. कुरकुर करेल, पण देईल. पावती मात्र छापील हवी.